माईक चालू राहिला तो रविवार

मी एक जुना माईक आहे. मित्रांनो, माझ्या डोक्यावरच्या जाळीला एका बाजूनं पोचा आला आहे, मानेवरचं बटण सैल झालं आहे आणि वायर तर कितीदा बदलली, ते मलाही आठवत नाही. तरी आवाज अजून स्वच्छ आहे. ही बढाई नव्हे. आपला आवाज थोडा खराब असता तर किती बरं झालं असतं, असं मला खूप दिवस वाटत होतं. लाजेनं जाळीत तोंड लपवून बसलो होतो मी. का, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या असायच्या. एकीनं माझ्या पोटात केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं बसवलं, दुसरीनं त्यावर पातळ पडदा चिकटवला, तिसरीनं जाळीची टोपी घातली. शेवटी एक मोठ्या आवाजाच्या बाई होत्या. त्या प्रत्येक माईकमध्ये एकच वाक्य बोलायच्या, "काय गं, जेवलीस का?" पलीकडच्या बंद खोलीतून "जेवले!" असं उत्तर आलं की माईक पास. मी पहिल्याच फेरीत पास झालो.

मला विकत घेतलं वायरकाकांनी. वायरकाका म्हणजे विजेची कामं करणारे आणि कार्यक्रमांना लाउडस्पीकर भाड्यानं देणारे गृहस्थ. त्यांच्या खिशातून नेहमी वायरीचं एखादं टोक बाहेर आलेलं असायचं, म्हणून हे नाव. त्यांच्याबरोबर मी शर्यती पाहिल्या, भाषणं ऐकली, हरवलेल्या मुलांची नावं पुकारली. लोक माझ्या डोक्यावर टिचक्या मारायचे, फू फू करून माझ्या नाकातोंडात वारा भरायचे. पण सापडलेल्या मुलाच्या आईनं एकदा माझ्यातूनच "सापडला हो!" असं ओरडून सांगितलं, त्या दिवशी मला आपल्या जन्माचं सार्थक वाटलं.

पुढे वायरकाकांनी मला एका गुरुद्वाऱ्यात कायमचं देऊन टाकलं. गुरुद्वारा म्हणजे शीख लोकांचं प्रार्थनेचं ठिकाण. टायरच्या दुकानाला लागून असलेली ती एक साधी दोनमजली इमारत होती. आत मोठं सभागृह, मागे स्वयंपाकघर, पुढे अंगण आणि दाराशी चपलांची खोली. रविवारी तिथे येईल त्याला जेवण मिळायचं. त्याला लंगर म्हणतात. कोण कुठला, काय करतो, कोणी विचारायचं नाही. सगळ्यांनी जमिनीवर एका रांगेत बसायचं आणि सारखंच जेवायचं. टायरच्या दुकानातला काळ्या हातांचा कारागीर आणि त्याचा मालक मांडीला मांडी लावून बसलेले मी पाहिले आहेत.

ही रीत सुरू झाली ती गुरू नानकांमुळे. त्यांची गोष्ट मला कोणी सांगितली? चष्मेवाल्या काकांनी.

चष्मेवाल्या काकांचं बाजारात चष्म्यांचं दुकान होतं. रविवारी सकाळी ते सभागृहात मुलांना गोष्टी सांगायचे. दुकानात दिवसभर लोकांना "डोळे नीट उघडा" म्हणणारा हा माणूस इथे बसला की म्हणायचा, "मुलांनो, डोळे मिटा म्हणजे दिसेल." मुलं हसायची आणि डोळे मिटायची. मग काकांचा तो खोल, उबदार आवाज माझ्या जाळीवर यायचा. इतक्या माणसांचे आवाज मी ऐकले, पण तसा आवाज दुसरा नाही. मी त्यांच्यावर जीव टाकत होतो म्हणा ना.

ते सांगायचे, "नानक लहान होते तेव्हापासूनच वेगळे. वडिलांनी व्यापाराला म्हणून पैसे दिले, तर त्यांनी वाटेत भेटलेल्या भुकेल्या लोकांना जेवू घातलं. घरी आल्यावर म्हणाले, याहून खरा सौदा कोणता? वडील काय चिडले असतील! तुमचे बाबा चिडले नसते का?" मुलं एका सुरात ओरडायची, "चिडले असते!"

मग काका नदीची गोष्ट सांगायचे. तरुणपणी नानक एकदा नदीवर अंघोळीला गेले आणि दिसेनासे झाले. लोकांनी आशा सोडली. मग ते परत आले आणि म्हणाले, कोणी हिंदू नाही, कोणी मुसलमान नाही. म्हणजे माणूस माणूस आहे, बाकीचं आपण चिकटवलेलं. त्यानंतर ते दूरदूर फिरले. बरोबर मर्दाना नावाचा त्यांचा मुसलमान मित्र. नानक गायचे आणि मर्दाना रबाब वाजवायचा. म्हातारपणी ते एका जागी स्थिर झाले, स्वतः शेत कसलं, पिकलेलं सगळ्यांबरोबर बसून खाल्लं. देवाचं नाव घ्या, कष्टाचं खा, वाटून खा. काका म्हणायचे, "बस, एवढंच. पाठ करायला सोपं आहे की नाही?"

पण मुलांची लाडकी गोष्ट होती लालोची. "काका, लालो! लालो!" असा गलका व्हायचा. काका आधी थोडे आढेवेढे घ्यायचे आणि मग सांगायचे, "एका गावात लालो नावाचा सुतार राहायचा. लोक त्याला हलक्या जातीचा समजायचे. गुरू नानक गावात आले आणि थेट त्याच्याच घरी उतरले. त्याची कोरडी भाकरी आवडीनं खाल्ली. त्याच गावात मलिक भागो नावाचा बडा माणूस होता. त्यानं मोठी मेजवानी घातली, पण नानक गेले नाहीत. भागोनं त्यांना बोलावून जाब विचारला. असं सांगतात की तेव्हा नानकांनी एका मुठीत लालोची भाकरी घेतली आणि दुसऱ्या मुठीत भागोच्या घरचं पक्वान्न. दोन्ही मुठी आवळल्या. लालोच्या भाकरीतून दूध आलं आणि भागोच्या अन्नातून..." इथे काका थांबायचे. सगळं सभागृह श्वास रोखून बसायचं. "रक्त," काका हळूच म्हणायचे.

आता सांगतो ती गोष्ट नीट लक्षात ठेवा. माझा आवाज पूर्वी फक्त सभागृहात जायचा. काकांनीच गुरुद्वाऱ्याच्या कमिटीच्या मागे लागून आणखी तीन लाउडस्पीकर बसवून घेतले. एक अंगणात, एक स्वयंपाकघरात आणि एक चपलांच्या खोलीत. ते म्हणाले होते, "जे लोक सेवा करतात, त्यांनाही गोष्ट ऐकू जायला हवी." वायरकाकांनी शिडीवर चढून ते बसवले.

चपलांच्या खोलीत मावशी असायच्या. आठवडाभर त्या एका इस्पितळाच्या धुलाईघरात काम करायच्या आणि रविवारी इथे येऊन लोकांच्या चपला-बूट घ्यायच्या, पुसून खणांत लावायच्या, पितळी बिल्ला हातात द्यायच्या. त्यांचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला लिफ्टवाला म्हणायचे. तो अंगणातल्या पंगतीत वाढायचा. चष्मेवाल्या काकांची मुलगी स्वयंपाकघरात पोळ्या लाटायची. लहानथोर सगळे तिला ताई म्हणत. दुकानात चष्म्यांच्या काचा घासायचं कामही तीच करायची. काकू केव्हाच वारल्या होत्या, त्यामुळे घरात बापलेक दोघंच. लिफ्टवाला आणि ताई यांचं एकमेकांवर मन बसलं होतं. स्वयंपाकघरात ते सगळ्यांना ठाऊक होतं, सभागृहात कुजबुज होती आणि काकांच्या घरात त्यावरून धुसफूस चालू होती.

त्या रविवारी काकांनी लालोचीच गोष्ट सांगितली. फार रंगली. मुलं उठून जेवायला गेली. वायरकाका चहा प्यायला गेले. जाताना त्यांनी सभागृहातला लाउडस्पीकर बंद केला, पण माझं बटण बंद करायचं राहिलं. मी सतरंजीवर आडवा पडलो होतो. कमिटीचे चिटणीस काकांजवळ येऊन टेकले.

चिटणीस म्हणाले, "ताईचं काय ऐकतोय मी? त्या मावशीच्या मुलाबरोबर म्हणे..."

काकांनी सुस्कारा सोडला. "तुम्ही तरी नका हो विचारू. मुलगा कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे, सगळं मान्य. पण त्यांची जात? पिढ्यान्‌पिढ्या मेलेली जनावरं ओढली त्यांच्या घराण्यानं. लोकांच्या चपला उचलणाऱ्या बाईला मी विहीणबाई म्हणू? माझ्या घरात तिचं ताट मांडू?"

"पण इथे तर एकाच पंगतीत जेवतो की आपण."

"इथलं इथे. गोष्ट वेगळी, घर वेगळं. आपण काय गुरू नानक आहोत होय?"

आणि दोघं हसले.

मित्रांनो, बटण बंद असलं तरी मला ऐकू येतं, फक्त पुढे नेता येत नाही. त्या दिवशी बटण चालू होतं. नेहमीच्या त्याच खोल, उबदार आवाजात ते वाक्य माझ्यातून गेलं. अंगणात गेलं, स्वयंपाकघरात गेलं, चपलांच्या खोलीत गेलं. हसणंही गेलं. ज्या जाळीतून थोड्या वेळापूर्वी गुरू नानकांचं नाव गेलं होतं, त्याच जाळीतून.

आधी स्वयंपाकघरातला लाटण्यांचा आवाज थांबला. मग अंगणातली बडबड थांबली. एवढ्या माणसांनी भरलेली इमारत इतकी गप्प झालेली मी कधी ऐकली नव्हती. काकांनाही ते जाणवलं. ते इकडेतिकडे बघू लागले. तेवढ्यात ताई आली. हात पिठानं भरलेले. ती सतरंजीवर वाकली आणि माझ्या मानेवरचं बटण तिनं स्वतः बंद केलं. जाळीवर पिठाची बोटं उमटली.

"बाबा, माईक चालू होता," ती म्हणाली.

काकांचा चेहरा उतरला. चिटणीस उठले आणि "मी जरा बघतो" असं काहीतरी पुटपुटत निघून गेले. काय बघणार होते कोणास ठाऊक! चपलांच्या खोलीत म्हणे मावशींनी हातातला बूट खणात ठेवला, बिल्ले नीट ओळीत लावले आणि त्या गेल्या. त्या दिवशी लोकांनी आपापल्या चपला आपणच शोधल्या. मान वर करून कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

माझा काय दोष, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तेच सांगत होतो. पण लाज दोष विचारून थोडीच येते? आपल्याच तोंडून ते गेलं, एवढंच मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी वायरकाकांनी मला त्यांच्या दुकानात नेलं. संध्याकाळी चिटणीस आणि चष्मेवाले काका तिथे आले. बोलले चिटणीसच. "वायरकाका, एक करा. माईक बिघडला होता म्हणून सांगा. आवाज तुटत होता, शब्द मागेपुढे झाले, लोकांचा गैरसमज झाला. प्रकरण मिटेल."

वायरकाकांनी मला छोट्या स्पीकरला जोडलं आणि माझ्यात तोंड घालून म्हणाले, "चिटणीस, चहा घेणार का?" सगळं दुकान दणाणलं. मग ते म्हणाले, "बघा, माईक ठणठणीत आहे. तुम्हाला म्हणायचं तर म्हणा. मी नाही म्हणणार. बटण बंद केलं नाही ही माझी चूक, ती मी कुठेही कबूल करीन."

 चष्मेवाल्या काकांनी 'नको' म्हणावं म्हणून मी किती वाट पाहिली! ते नुसते चष्मा पुसत उभे राहिले.

पुढच्या रविवारी चिटणिसांनी नव्या माईकवरून जाहीर केलं की मागच्या आठवड्यात यंत्रात बिघाड होता, कोणी मनाला लावून घेऊ नये. काका मान खाली घालून बसले होते म्हणे. मावशी आल्या नाहीत. लिफ्टवालाही आला नाही. चपलांचा दारात ढीग पडला. मी इकडे दुकानात जुन्या इस्त्र्या आणि पंख्यांच्या ढिगात पडून होतो. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यावर खोटा आळ आला होता. पण खरं सांगू? काकांसाठी मला जेवढी लाज वाटली, तेवढं स्वतःसाठी वाईट वाटलं नाही. मनातून मी त्यांना माफ करायला तयार होतो. फक्त ते माझ्याकडे येत नव्हते.

आली ती ताई. तिनं वायरकाकांकडून मला आणि तो छोटा स्पीकर मागून घेतला.

त्यांचं घर चष्म्यांच्या दुकानाच्या वरच होतं. जेवणाच्या टेबलावर चष्म्यांच्या रिकाम्या फ्रेम्स पसरलेल्या होत्या. ताईनं त्या बाजूला सारल्या आणि मला वडिलांच्या पुढ्यात ठेवलं.

"हा बिघडलाय ना, बाबा? मग त्या दिवशीचं वाक्य पुन्हा म्हणा. बिघडलेल्या माईकमधून काय जाणार आहे?"

"पोरी, थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही. मी स्पीकर घेऊन जिन्यात उभी राहते. तिकडे ऐकू आलं तर सांगते."

तिनं माझं बटण चालू केलं आणि ती गेली. दार लोटलेलं. काका आणि मी, दोघंच. त्यांनी मला हातात घेतलं.  फार वेळानं त्यांनी तोंड जवळ आणलं आणि म्हणाले, "गोष्ट वेगळी..."

जिन्यातून त्यांचा आवाज आला. "गोष्ट वेगळी..." तोच गोड, भरदार आवाज. खालून जिना चढणारं कोणीतरी थबकलं. काका दचकले. इतकी वर्षं ते बोलत आले होते, पण चपलांच्या खोलीत बसून आपण कसे ऐकू येतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी बटण बंद केलं आणि मला टेबलावर ठेवून दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

ताई आत आली. काका म्हणाले, "ती गोष्ट मी इतक्यांदा सांगितली, इतक्यांदा सांगितली, की मला वाटायचं, मीच लालोकडे जेवून आलोय."

"आणि मावशींकडे?"

"त्या राहतात कुठे, तेही मला माहीत नाही."

ताई खुर्चीत बसली. तिचा आवाज आता कठोर नव्हता, नुसता थकलेला होता. "बाबा, लग्नाचं मी तुम्हाला विचारायला आले नाही. ते आमचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणतेय, आता काय ते मलाही माहीत नाही. तो माझ्याशी नीट बोलत नाही. म्हणतो, तुझ्याकडे बघितलं की मला तुझ्या बाबांचा आवाज ऐकू येतो. त्यात त्याचं काय चुकलं, सांगा."



त्यानंतरच्या रविवारी त्यांनी मलाच मागवून घेतलं. नवा माईक नको म्हणाले. सभागृह गच्च भरलं होतं. काका उभे राहिले आणि म्हणाले, "माईक बिघडला नव्हता. बिघडलो होतो मी." मग त्यांनी सगळं कबूल केलं. आपण लालोची गोष्ट सांगत होतो आणि आत मलिक भागो बसला होता, असं ते म्हणाले. आवाज भरून आला होता. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हेलावलो. सगळं संपल्यावर लोकांनी काकांभोवती गर्दी केली. "केवढं मोठं मन!" "असं सगळ्यांसमोर कबूल करायला धाडस लागतं." एकानं तर त्यांच्या पायांना हात लावला. चिटणीस म्हणाले, "आजचं तुमचं बोलणं आजवरच्या सगळ्यांत उत्तम."

गर्दी पांगली तेव्हा ताई जवळ आली. काकांनी आधी माझं बटण बंद आहे ना, ते पाहिलं.

"छान बोललात, बाबा," ती म्हणाली. "वाक्यही छान जमलं होतं. पण पुन्हा कौतुक तुमचंच झालं. मावशी तर इथे नव्हत्याच."

काकांच्या डोळ्यांतलं पाणी तिथल्या तिथे आटलं. खरं सांगतो, त्या पहिल्या रविवारी ते जितके शरमले नव्हते, तितके त्या क्षणी शरमले. मला वाटलं होतं माझा कलंक धुतला गेला. मीही मान खाली घातली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. वायरकाकांनी माझी वायर जोडता जोडता ते आपल्या बायकोला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

काका वायरकाकांकडे मावशींचा पत्ता विचारायला आले होते. वायरकाका म्हणाले, चला, मीच येतो. मावशी तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. लिफ्टवाल्याच्या घराला लिफ्ट नाही, हे बघून वायरकाकांना हसू आलं होतं, पण काकांचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. मावशी धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. "या," म्हणाल्या. "बसा" म्हणाल्या नाहीत.

काकांनी माफी मागितली. अगदी साधी. शब्द सापडत नव्हते म्हणे.

मावशी घड्या घालत राहिल्या. "माईकवरून मागितलीत ना? शेजारीण सांगत होती, फार छान बोललात."

"आज मी छान बोलायला आलो नाही," काका म्हणाले.

"मला जे बोललात, त्याचं मी बघून घेईन. आयुष्यभर तेच केलंय. पण माझा मुलगा त्या वेळी वाढत होता. हातात भरलेली बादली. तुमचा आवाज आला तेव्हा अर्धी पंगत वाढायची राहिली होती. सगळे त्याच्याकडे बघतायत. त्यानं शेवटच्या माणसापर्यंत वाढलं. कोणाला कमी नाही, कोणाला टाळलं नाही. मग बादली जागेवर ठेवली, बाहेर आला आणि म्हणाला, आई, चल. रस्ताभर एक शब्द बोलला नाही. त्याचं काय करू मी?"

काकांनी विचारलं, "मी त्याच्याशी बोलू?"

"तो बोलला तर बोला." मावशींनी शेवटची चादर ठेवली. "घरी आलेल्याला जेवल्याशिवाय मी सोडत नाही. पण आज तुम्हाला थांबा म्हणणार नाही. आज मनापासून वाढता यायचं नाही, आणि तसं वाढलेलं मला चालत नाही."

जिना उतरताना काका मध्येच एका पायरीवर बसले. "आता मी काय करू?" त्यांनी विचारलं.

वायरकाका म्हणाले, "मला काय विचारता? मी वायरी जोडणारा माणूस." पण ते त्यांच्या शेजारी बसून राहिले.

मित्रांनो, त्यानंतर काका कित्येक महिने माझ्यासमोर आले नाहीत. "मला इतक्यात गोष्ट सांगायला लावू नका," असं त्यांनी चिटणिसांना सांगितलं. मुलं हिरमुसली. रविवारी सकाळी ते चपलांच्या खोलीत बसू लागले. लोकांना फार अवघड व्हायचं. त्यांच्या हातात बूट द्यायला कोणी तयार नसे. काही जण पुन्हा "केवढं मोठं मन" म्हणू लागले, तेव्हा काका पहिल्यांदा चिडले. "मन मोठं नाही, काम येत नाही अजून. बूट द्या."

आणि काम खरंच येत नव्हतं. काही आठवड्यांनी लिफ्टवाला पुन्हा वाढायला आला. आपले बूट त्यानं काकांसमोर ठेवले, बिल्ला घेतला, आणि जाता जाता थांबून खणाकडे पाहिलं.

"तुम्ही डावा एकाचा आणि उजवा दुसऱ्याचा लावलाय."

काकांनी वाकून पाहिलं. "हो की."

"चष्मा बदला," लिफ्टवाला म्हणाला आणि आत गेला.

ताई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. हे वाक्य तिनं त्या दिवशी भेटेल त्याला सांगितलं. वायरकाकांना तर दोनदा.

मग मावशीही परत आल्या. काका उठून उभे राहिले. त्या म्हणाल्या, "उठू नका. पण माझ्या जागेवरून सरका." त्या खिडकीजवळ बसायच्या, काका दाराजवळ. बूट कसा पुसायचा, ओला बूट कुठे ठेवायचा, लहान मुलांच्या चपला खालच्या खणात का ठेवायच्या, हे त्या सांगायच्या आणि काका ऐकायचे. बाकी बोलणं फारसं नाही. असाच एक मोठा काळ गेला. मग एका रविवारी बिल्ले आवरता आवरता मावशी म्हणाल्या, "संध्याकाळी घरी या. ताईलाही आणा."

त्या संध्याकाळचं ताईनंच वायरकाकांना सांगितलं. चौघं जमिनीवर बसली होती. मावशींनी सगळ्यांना वाढलं आणि स्वतःचंही ताट मांडलं. काकांनी पहिला घास हातात घेतला, पण तो तोंडाकडे जाईना. मान खाली. हात तसाच ताटावर.  लिफ्टवाल्यानं ताईकडे पाहिलं, ताईनं मावशींकडे.

मावशी म्हणाल्या, "खा आता. गार होतंय."

आणि काका जेवले.

पुढे ताई आणि लिफ्टवाला यांचं लग्न झालं. काका आजही कधीमधी गोष्ट सांगतात, पण लालोपर्यंत आले की त्यांची गती मंदावते. आता 'रक्त' म्हणण्याआधी ते थांबत नाहीत, पटकन म्हणून टाकतात. मुलांना ती गोष्ट पूर्वीइतकी रंगत नाही. मला मात्र आता ती जास्त ऐकू येते.

मावशींनी काकांना पूर्ण माफ केलं का, ते मला माहीत नाही. विचारायचा मला अधिकारही नाही. माझं म्हणाल तर, अजून कधी सभागृह अचानक शांत झालं की माझ्या पोटातली तार आकसते. त्या रविवारची लाज गेलेली नाही, आणि ती जावी असंही मला वाटत नाही.

तुमच्याकडे माझ्यासारखा एखादा माईक असेल तर त्याची वायर करकचून गुंडाळू नका, ती आतून तुटते. त्याला आपटू नका, ओल्या हातांनी धरू नका. तो इमानानं तुमचं काम करील. पण मित्रांनो, आमच्यासमोर उभं राहून चांगलं बोलणं फार सोपं असतं. मान ताठ होते, आवाज गोड होतो, समोर माणसं असतात. आम्हाला खाली ठेवून तुम्ही घरी जाल, दार लावाल, आणि जेवायच्या वेळी दारात कोणीतरी येईल. तेव्हा त्याला काय म्हणता, ते एकदा स्वतःच कान देऊन ऐका.